रोडग्याची पार्टी: गोवऱ्यांचा जाळ लावायचा कसा, सांभाळायचा कसा अन् विझवायचा कसा

डिसेंबर लागला की नागपुरातल्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोच, रविवारी वावरात रोडगे, म्हणजे निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. मग कणिक कोण आणणार, वांगे कोण आणणार, तूप कोणाच्या घरचं, यावर रात्रभर चर्चा होते आणि जाळ कोण लावणार हे कोणीच विचारत नाही. तिथं गेल्यावर जो पोट्टा मोकळा उभा दिसेल त्याच्या हातात माचिस देतात. नंतर रोडगे वरून कोळसा अन् आतून कच्चे निघाले की सगळे कणिक मळणाऱ्या वहिनीकडे पाहतात, बिचारीचा काही संबंध नसतो, खराबी आगीतच असते. म्हणून हे सगळं फक्त आगीबद्दल आहे. मोहन किती घालायचं, ओवा किती, थर तीन की पाच, ते ज्याच्या त्याच्या घरचं.

गोवरीच काहून?

लाकडावर रोडगे होतच नाहीत असं नाही, पण जमत नाही तसं, आणि त्याचं कारण आहे राख. किलोभर वाळलेलं लाकूड जाळलं तर मागं दहा-वीस ग्रॅम राख उरते. किलोभर गोवरी जाळली तर दोनशे ग्रॅमच्या वर. आता उष्णतेच्या हिशेबानं पाहिलं तर गोवरी सगळ्यात ढिली, वाळल्या लाकडातून किलोमागं चारेक हजार किलोकॅलरी निघतात, लाकडी कोळशातून सातेक हजार, अन् गोवरीतून तीन हजाराच्या आसपास. पण इथं जास्त उष्णता पाहिजेच कोणाला? रोडगा म्हणजे मुठीएवढा कणकेचा गोळा, त्याच्या पोटापर्यंत धग पोचायला पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास धग एकसारखी पाहिजे. गोवरी जळताना तिची राख तिच्याच अंगावर बसून राहते, त्या राखेतून हवा थोडी थोडीच आत जाते, म्हणून निखारा भसकन संपत नाही, आणि वरच्या थरामुळे धग उडूनही जात नाही. बाभळीचा उघडा निखारा आधी करपवतो अन् मग वारा आला की थंड पडतो. आगीतून उठून फुफाट्यात पडू नये म्हणतात ना, रोडग्याला नेमकं फुफाट्यातच, म्हणजे गरम राखेतच, पडायचं असतं.

म्हणजे आपल्याला जाळ नकोच आहे, जाळानंतर जे उरते ते पाहिजे. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सगळं आपोआप समजते.

जळतण जमवणं

गोवऱ्या गावातून आणा, नाहीतर शहरात दूधवाल्यांकडे, गोरक्षणात मिळतात. घेताना एक मोडून पहा. कट्कन तुटली पाहिजे, आतून रंग बाहेरच्यासारखाच पाहिजे. मधे काळपट ओलसर पट्टा दिसला किंवा तुटायच्या आधी वाकली तर ती तास-दीड तास नुसता धूर देणार. जाड गोवरीपेक्षा बोटभर जाडीची चपटी बरी, सगळ्या एकाच वेळी पेटतात. मी एका रोडग्यामागं दीड-दोन मध्यम गोवऱ्या धरतो आणि वरून पाच-सहा जास्तीच्या ठेवतो, उरल्या तर चहाला कामी येतात. रात्री उघड्यावर ठेवू नका, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दव असं पडते की सकाळी वरच्या गोवऱ्या ओल्या लागतात, ताडपत्री टाका.

आणि भाऊ, वावरातल्या गोवऱ्यांच्या ढिगात डायरेक्ट हात घालू नका. विंचवाला ती जागा फार आवडते. आधी काडीनं हलवा, मग एक एक उचला, लहान पोरांना तर हे काम सांगूच नका.

गोवऱ्यांसोबत थोडं चुरचुरीत जळतण लागते. तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळलेल्या काड्या, सगळ्यात भारी, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडलेल्याच असतात, लवकर पेटतात अन् लवकर संपतात. बाजूच्या चुलीसाठी, म्हणजे वांग्याची भाजी अन् वरणासाठी, बाभूळ आणा, जड असते, निखारा धरून ठेवते. निंब चालतो. पळस हलका, भुर्रकन जळून जातो. लाकूड वाळलं का ते पाहायचं असेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा, टणटण वाजलं तर वाळलं, थपथप वाजलं तर ओलं. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास अर्धं वजन पाण्याचंच असू शकते, ते पाणी उकळवून बाहेर काढण्यातच तुमची आग दमते आणि मग धूर, खोकला, डोळ्यात पाणी.

बांबूचा आख्खा तुकडा आगीत टाकू नका, पेरातली हवा गरम होऊन फुगते अन् फटाक्यासारखा फुटतो, निखारे उडतात. प्लायवूड, पेंट मारलेलं लाकूड, जुन्या दरवाजाच्या पट्ट्या, थर्माकोलच्या प्लेटा, पाण्याच्या बाटल्या, यातलं काहीच नाही, विषारी धूर आपल्याच जेवणात जातो. कण्हेराच्या काड्याही नाही, ना जाळायला ना रोडगा टोचून पाहायला, ते झाड पूर्णच विषारी आहे.

जागा

काटोल रोड, हिंगणा, कळमेश्वर, उमरेड, जिथं कोणाचं वावर असेल तिथं जा. गोरेवाड्याच्या, पेंचच्या, उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात घुसून नाही. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा सीझन धरतात, त्या काळात पानगळीचा सडा असा वाळलेला असतो की एक ठिणगी पुरते. नागपूरचा उन्हाळा सांगायची गरज नाही, २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ ला गेला होता. माझं मत विचाराल तर होळीनंतर वावरात रोडगे करूच नये. तोवर गहू वाळायला आलेला असतो, धुरे वाळलेले असतात, अन् दुपारचा वारा कधी फिरेल काही भरवसा नाही.

वावरात पोचल्यावर पहिले मूठभर कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, हातात घ्या अन् सोडून द्या, ते जिकडे उडते तिकडे वाऱ्याची दिशा. त्या बाजूला काय काय आहे ते पहा. कुटाराचा ढीग, कडब्याची गंजी, गोठा, उभं पीक, पार्क केलेल्या गाड्या, मांडवाचं कापड, यातलं काहीही त्या बाजूला असेल तर जागा बदला. बाकी बाजूंनीही दहा-पंधरा पावलं मोकळी पाहिजेत. मग वर पहा. झाडाखाली सावलीला जाळ लावायची फार हौस असते लोकांना, आणि वर आग्यामोहोळ लटकून असते. धूर लागला की ते उठते, आणि मग पार्टी विसरा, दवाखाना शोधा. नंतर खाली पहा. संत्र्याच्या बागेत तर हमखास ड्रिपच्या नळ्या असतात, कधी कधी मातीखाली गाडलेल्या, पोट्टे खड्डा करतात, जाळ लावतात, अन् मालकाला पुढच्या पाण्याच्या पाळीला कळते की आख्खी लाइन वितळली. बागेच्या बाहेर या, झाडालाही झळ लागते.

जागा ठरली की तिथलं गवत, पालापाचोळा फावड्यानं साफ करून चारी बाजूंनी दोन-अडीच हात उघडी काळी माती करा. पाण्याच्या दोन बादल्या भरून तिथंच ठेवा, विहिरीवर आहे म्हणून चालत नाही. एक घोंगडी जवळ असू द्या, खरी लोकरीची, लोकर सहजासहजी पेट घेत नाही.

मांडणी

वीतभर खोल अन् दोन हात रुंद असा उथळ खड्डा पुरे. खोल खड्ड्यात हवा जात नाही. खाली दगड रचायचे असतील तर नाल्यातले, ओले दगड घेऊ नका, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते अन् दगड फुटतो.

मधात तुराट्यांचा मोळीएवढा नाही, दोन मुठींएवढा जुडगा उभा करा, त्यात गोवरीचा चुरा अन् नारळाची शेंडी. भोवती गोवऱ्या आडव्या रचू नका, उभ्या, एकमेकींना टेकवून, वर निमुळत्या. आतून पोकळ राहिलं पाहिजे. पहिल्या फेरीवर बाहेरून दुसरी फेरी, दोन गोवऱ्यांच्या मधे बोट जाईल एवढी फट. आणि वारा जिकडून येऊन राहिला तिकडे खाली वीतभर तोंड मोकळं सोडा. गरम हवा वरून निघते, तिच्या जागी थंड हवा या तोंडातून आत ओढली जाते, म्हणून फुंकत बसायची वेळ येत नाही. आडव्या गच्च रचल्या की नुसता धूर येतो, मग कोणीतरी म्हणते, पेट्रोल आण ना गाडीतून.

आणू नका. पेट्रोलची वाफ उणे चाळीस डिग्रीलाही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या हवेत ते कायम पेटायला तयारच असते. जळते ती वाफ, अन् ती हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरते, काडी तुम्ही ढिगाजवळ लावता आणि भडका तुमच्या पायाजवळून उठतो. अर्धवट पेटलेल्या ढिगावर ओतलं तर आग धारेवरून बाटलीपर्यंत येते. सॅनिटायझरही नाही, त्याचा जाळ दुपारच्या उजेडात दिसतच नाही, विझलं समजून आणखी ओततात. कापराच्या चार-पाच वड्या चुऱ्यात ठेवा, काम झालं.

पेटवणं अन् थांबणं

खाली मोकळ्या सोडलेल्या तोंडातून पेटती काडी लावा आणि बाजूला व्हा. पहिले दहा-पंधरा मिनिटं पांढरा दाट धूर येईल, घाबरू नका अन् फुंकणी घेऊन धावू नका. तो धूर म्हणजे गोवरीतून बाहेर पडलेला पण अजून न जळलेला गॅस, इंधनच आहे ते. आत पुरेशी गरमी झाली की तोच धूर पेटतो, जाळ वर येतो अन् धूर एकदम कमी होतो. धूर कमीच होत नसेल तर हवेचं तोंड बुजलं असणार, काडीनं मोकळं करा, एखादी गोवरी थोडी सरकवा.

आता जाळ ढणढण चालू आहे, सगळ्यांना भूक लागली आहे, आणि हीच वेळ आहे हात आवरायची. रोडगे आता टाकले की वरून काळे, आत पीठ, अन् धुराचा कडवट वास. जाळ पूर्ण बसू द्या. तीस-चाळीस मिनिटं लागतात, वाऱ्यावर अवलंबून. तयार कधी झालं ते असं ओळखायचं: गोवरीचा आकार तसाच दिसतो पण ती राखाडी-पांढरी झालेली असते, काडीनं टोचली की आत लालबुंद, धूर जवळपास नाही, पिवळा जाळ नाही, कुठं कुठं एखादी निळी जीभ. मग लांब काठीनं त्या गोवऱ्या मोडा, अंड्याएवढे तुकडे करा, भुगा करू नका.

आच मोजायला थर्मामीटर नको. निखाऱ्यांवर साधारण वीतभर उंचीवर तळहात धरा अन् सावकाश मोजा, एक, दोन. तीनच्या आत हात काढावा लागला तर फार कडक आहे, पसरवा आणि थोडी राख टाका. चार-पाचपर्यंत राहिला तर रोडग्याला बरोबर. आठपर्यंत आरामात राहिला तर आच पडली, निखारे गोळा करून ढीग करा. आगीचे सगळे कंट्रोल एवढेच आहेत. पसरवलं की मंद, गोळा केलं की तेज, राख घातली की मंद, राख झटकली की तेज. पाणी मारून आच कमी करणारे भैताड असतात, त्यांना चुलीपासून लांब बसवा.

अर्धे निखारे बाजूला ओढा. उरलेल्यांवर पातळ राखेचा थर पसरा, त्यावर रोडगे मांडा, एकमेकांना चिकटू न देता, वरून थोडी राख अन् मग बाजूचे निखारे. वीस-पंचवीस मिनिटांनी काठीनं उलटवा, जे कडेला होते ते मधात, मधातले कडेला, काहून की कडेची आच नेहमी कमी असते. परत झाका. पाऊण तास ते तास. झाला का ते पाहायला एक बाहेर काढून बोटानं टकटक करा, पोकळ आवाज आला, अंगावर भेग पडली, स्वच्छ काडी आरपार जाऊन कोरडी निघाली, म्हणजे झाला. सुती फडक्यात घेऊन दोन हातांनी झटका, राख उडून जाते, मग फोडून तुपात. ओलं फडकं वापरू नका, राख चिखल होऊन चिकटते.

बाजूची चूल

वांग्याचा गंज, म्हणजे भाजीचं पातेलं, मोठा असतो, तीन दगड घट्ट बसवा, गंज ठेवून हलवून पहा, डुगडुगला नाही पाहिजे. चुलीची आच लाकूड आत-बाहेर सरकवून सांभाळतात. टोकच जळते, बाकी लाकूड बाहेर. कमी करायची तर दोन लाकडं मागं ओढा, बस. एकदम पाच-सहा कोंबणाऱ्याला वाटते आच वाढेल, हवाच जात नाही अन् धूर होतो.

फोडणीच्या तेलाकडे एकानं पाहत राहायचं, आपल्याकडे तेलाचा हात मोकळाच असतो. तेलातून निळसर धूर यायला लागला की लगेच लाकडं बाहेर ओढा, ती पेटायच्या आधीची अवस्था आहे. पेटलंच तर पाणी अजिबात नाही. पाणी तेलाच्या तळाशी जाते, क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची सतराशे लिटरच्या आसपास वाफ होते, ती पेटतं तेल घेऊन बाहेर उसळते. परात किंवा मोठं झाकण बाजूनं सरकवत वर ठेवा, लाकडं ओढा आणि झाकण लवकर उघडू नका, तेल गरमच असेल तर हवा मिळताच परत पेट घेते.

कपड्यांचं एक सांगतो, जाळाजवळ काम करणाऱ्यानं सुती घालावं अन् अंगाला बसणारं. ओढणी, पदर खोचून घ्या. नायलॉन, पॉलिस्टरचं जॅकेट थंडीत सगळेच घालून येतात, ते जळण्यापेक्षा वितळते आणि कातडीला चिकटते. कोणाच्या कपड्याला लागलीच तर पळू द्यायचं नाही, पळालं की वारा लागतो. खाली पाडा, लोळवा, घोंगडी टाका. भाजलेल्या जागी साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. अंगठी, बांगडी सूज यायच्या आधी काढा, चिकटलेला कपडा ओढू नका. जास्त असेल तर १०८.

शेकोटी घरात नेऊ नका

हे जेवणानंतरचं आहे अन् सगळ्यात जास्त घातक आहे. रात्री थंडी वाढते, फार्महाउसच्या खोलीत चार जण झोपायला जातात, आणि कोणीतरी उरलेले निखारे घमेल्यात भरून आत नेते, धूर तर नाही ना, मग काय होते. धूर नसतो म्हणूनच भीती आहे. राखेखाली कमी हवेत धुमसणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. डोकं जड होते, मळमळते, झोप येते, अन् झोपलेला माणूस उठतच नाही. खिडकी थोडी उघडी ठेवली आहे हे उत्तर नाही. निखारे बाहेर, माणसं आत, वरून आणखी एक ब्लँकेट. कोणाला असा त्रास झालाच तर आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ लावा.

विझवणं

राख टाकून झाकली, माती लोटली अन् निघालो, हे विझवणं नाही, हे तर आग जपून ठेवणं झालं. पूर्वी घरोघरी रात्री विस्तव राखेत पुरून ठेवायचे आणि सकाळी फुंकर घालून चूल पेटवायचे, शेजारीण गोवरीवर विस्तव मागून न्यायची. तुम्ही मातीखाली सोडलेला ढीगही तसाच दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. दुपारी वारा सुटला की एखादा निखारा उघडा पडतो अन् धुरा पेटतो, नाहीतर गुरामागचा पोरगा अनवाणी त्यावर पाय देतो.

म्हणून निघायच्या तासभर आधी सुरू करा. ढीग फावड्यानं पसरा, जेवढा पातळ तेवढा चांगला. वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे वारा तुमच्या मागून आला पाहिजे, हातानं पाणी शिंपडा. बादली एकदम उपडी केली तर गरम राख अन् वाफ तोंडावर येते. शिंपडा, ढवळा, परत शिंपडा, खालचं वर करा. सुरसुर आवाज पूर्ण थांबला की हाताची मागची बाजू राखेजवळ आणा, मग हळूच लावा. कोमट लागली तरी आणखी पाणी. चुलीतली अर्धवट जळालेली लाकडं बादलीत बुडवून काढा, त्यांच्या पोटात निखारा दडून असतो.

एवढं करूनही धुऱ्याच्या गवताला लागलीच तर आग लहान असेपर्यंतच हात घाला, ओल्या पोत्यानं किंवा पानांच्या हिरव्या फांदीनं कडेकडेनं दाबत जा, जळालेल्या बाजूला उभं राहून. कमरेच्या वर जाळ गेला की मागं व्हा, ट्रॅक्टरवाल्याला सांगा पुढून वखराच्या दोन पट्ट्या मारायला, अन् १०१ लावा, जंगलाकडे सरकत असेल तर वनखात्याचा १९२६.

फ्लॅटवाल्यांसाठी

गच्चीवर होते, पण स्लॅबवर डायरेक्ट जाळ नाही, टाइल तडकते, काँक्रीटचे टवके उडतात. विटांचे दोन थर, त्यावर जुनं लोखंडी घमेलं, त्यात चार बोटं रेती, मग गोवऱ्या. पाण्याची प्लास्टिकची टाकी, पीव्हीसीचे पाइप, डिशची वायर, सोलरचे पॅनल, सगळ्यापासून लांब. घमेल्यात दहा-बारा रोडगे बसतात, जास्तीचा हट्ट करू नका, दुसरा घाणा लावा. खालच्या मजल्यावर कोणाला दमा असेल तर आधी विचारून घ्या, पहिला पंधरा मिनिटांचा धूर खरंच त्रास देतो. राख त्याच रात्री कचऱ्याच्या प्लास्टिक पिशवीत भरायची नाही, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दोन दिवस गच्चीवरच राहू द्या, मग चाळून घ्या, काळा पडलेला वांग्याचा गंज घासायला यापेक्षा चांगलं काही नाही.